फोटो कुणी दिला

सोमवारी संध्याकाळी ऑफिसातून परत येताना मी स्टुडिओत डोकावले, तेव्हा बाबा एका जाडजूड गृहस्थांच्या टायची गाठ सोडून पुन्हा बांधत होते. गृहस्थ पासपोर्टच्या फोटोसाठी स्टुलावर बसले होते आणि ऑपरेशनला आत नेत असल्यासारखे घामाघूम झाले होते.

"साहेब, श्वास घ्या," बाबा म्हणाले. "पोटभर घ्या. आता सोडा. सगळा सोडा, शिल्लक ठेवू नका."

गृहस्थांनी श्वास सोडला आणि बाबांनी बटण दाबलं.

हे त्यांचं चाळीस वर्षांचं तंत्र होतं. श्वास सोडून झाला की पुढचा घेण्याआधी अर्धा सेकंद माणसाचा चेहरा मोकळा होतो. तो कुणाला काही दाखवत नसतो, कुणापासून काही लपवत नसतो. तेवढ्यात फोटो घ्यायचा. त्यामुळे आमच्या शहरातली अर्धी माणसं आपापल्या ओळखपत्रांवर एखाद्या मोठ्या काळजीतून सुटल्यासारखी दिसायची.

मावशी कोपऱ्यातल्या कटरवर फोटो कापत बसली होती. तशी ती आमच्या नात्यातली नव्हे. चौदा वर्षांपूर्वी फोटो कापायला आली आणि हळूहळू स्टुडिओ तिच्याच हातात गेला. बाबांना ती दादा म्हणे, आईला वहिनी, आणि वयाने वीस वर्षं मोठी असूनही मला ताई.

गृहस्थ गेल्यावर बाबांनी काउंटरवरचं वर्तमानपत्र माझ्यापुढे धरलं. दोन दिवसांपूर्वी दुसऱ्या एका शहरात हल्ला झाला होता. पहिल्या पानावर हल्लेखोराचा चार कॉलमी फोटो होता.

"हा तू शोधलास?"

"मीच." मी त्याच वर्तमानपत्राच्या संदर्भ विभागात होते. कात्रणं, जुने फोटो, कोण कधी कुठे काय म्हणालं, हे शोधून देणं माझं काम.

"केवढा छापलाय! मेलेली नऊ माणसं एकापुढे एक लावली तरी एवढी भरत नाहीत."

"कोण होता ते लोकांना कळायला नको?"

"कोण होता ते कळायला चार कॉलम लागतात? आणि ती नऊ नावं बघ. आतल्या पानावर, औषधाच्या बाटलीवर सूचना असतात ना, त्या टाइपात."

"बाबा, आपण फोटो नाही छापला की लोक आपापला शोधतात. मग भलत्याच माणसाचा शोधतात."

"अगं, मग छाप ना. स्टॅम्पएवढा छाप. त्याला नट कशाला करता?"

"दादा," मावशी मान वर न करता म्हणाली, "पोरगी दमून आलीय. आधी पाणी विचारा, मग भांडा."

"भांडत कुठे आहे? फुकट शिकवणी घेतोय."

या शिकवणीला एक जुना संदर्भ होता. शहरात कुणी बातमीत आलं की त्याचा चांगला फोटो हमखास बाबांकडे असायचा. कधीतरी तो त्यांच्या स्टुलावर बसून गेलेला असायचा. मी गावभर शोधून हात हलवत परत आले की बाबा हसायचे, "काखेत कळसा आणि गावाला वळसा." पण मागितला तर द्यायचे नाहीत. "तो माझ्याकडे लायसन्ससाठी बसला होता. पेपरसाठी नाही."

आणि कळसा खरोखर माझ्या काखेतच होता. स्टुडिओतल्या सगळ्या फाइलींची प्रत मावशी दर शनिवारी एका डिस्कवर काढून मला द्यायची. आगबिग लागली तर बाहेर एक प्रत असावी म्हणून मी ती ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवत असे. ही व्यवस्था माझीच. आईला तिचा पत्ता नव्हता. आईचा आणि कॉम्प्युटरचा छत्तीसचा आकडा. बाबांची अट एकच होती: डिस्क सांभाळायची, आत नाक खुपसायचं नाही. सहा वर्षं मी ती पाळली होती.

त्या संध्याकाळी मी पाणी प्यायले, मावशीने कापलेले फोटो पाकिटांत भरायला थोडी मदत केली आणि घरी गेले. बाबांचा निरोपही घेतला नाही. ते आतल्या खोलीत छत्रीचा दिवा दुरुस्त करत होते.

मंगळवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी आमच्या ऑफिसच्या काचा थरथरल्या. दहा मिनिटांत कळलं की परवाना कचेरीच्या प्रतीक्षागृहात एक माणूस बॅग घेऊन शिरला आणि स्फोट झाला. किती गेले ते कुणालाच माहीत नव्हतं. फोन, धावपळ, आरडाओरडा. अशा वेळी संदर्भ विभागात मात्र शांतता असते, कारण आमच्याकडे मागणी नंतर येते.

ती साडेबाराला आली. कचेरीतला फ्यूज बदलायला आलेला एक इलेक्ट्रिशियन हत्यारांची पिशवी घेऊन धावत बाहेर पडला होता. कुणीतरी त्याचा फोटो काढला आणि "हाच तो" म्हणून पसरवला. तासाभरात त्याचं दुकान फोडलं गेलं, त्याला बाहेर ओढलं गेलं. आमचा बातमीदार फोनवर ओरडून सांगत होता की पोलीस कमी आहेत, जबडा फोडलाय, लोक ऐकत नाहीत.

वृत्तसंपादक माझ्या टेबलाशी आले. एरवी ते मला वर बोलावून घेतात.

"पोलिसांनी नाव दिलंय. खरा चेहरा दे मला. आत्ता. नाहीतर ते त्या बिचाऱ्याला मारून टाकतील."

आमच्या संग्रहात काही नव्हतं. कुठेच काही नव्हतं. मी बाबांना फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. पाच वेळा लावला.

मला वाटलं, त्यांनी ओळखलंय. बातमी ऐकली असणार, नाव ऐकलं असणार, मी कशासाठी फोन करतेय ते कळलं असणार, आणि कालचा वाद पुढे नको म्हणून उचलत नाहीत. मी चिडले. खरंच चिडले. एक माणूस रस्त्यावर मार खातोय आणि यांची तत्त्वं!

मधेच मावशीचा फोन आला. मी कापला. पुन्हा आला, पुन्हा कापला. बाबांनीच तिला पुढे केलं असणार, नाही म्हणून सांगायला.

मग मी ड्रॉवर उघडला.

दोन मिनिटं लागली. बाबा प्रत्येक फाइलला नाव, तारीख आणि एक शेरा लिहीत. डावा खांदा खाली. हसू आवरत नाही. चष्म्यावर चमक. त्याच्या फाइलीवर दोन वर्षांपूर्वीची तारीख होती आणि शेरा होता: कॉलर उसवलेली, पिन लावून दिली.

मी तो मोठा करून पाहिला. कॉलरखाली टाचणीचं डोकं दिसत होतं, मोहरीच्या दाण्याएवढं. म्हणजे बाबांनी त्याच्या गळ्याशी हात नेला होता, हनुवटी जरा वर करायला सांगितली होती, टोचणार नाही म्हणाले असतील. मग श्वास घ्यायला लावला होता आणि सोडायला. पडद्यावर तो तसाच होता. मोकळा.

सव्वा वाजता फोटो आमच्या साइटवर गेला. जगात आमच्याकडेच होता. वृत्तसंपादक माझ्या खांद्यावर हात ठेवून "शाब्बास" म्हणाले. फोटोओळीत श्रेय नको, असं मी सांगितलं. त्यांनी "संग्रहित" लिहिलं. पोलिसांनी तोच फोटो कर्ण्यावरून सांगत, मोबाइलवर दाखवत जमावापुढे धरला, आणि इलेक्ट्रिशियनला लोकांनी सोडलं. हे खरं आहे आणि मला ते वगळता येत नाही.

एक चाळीसला मावशीचा तिसरा फोन मी उचलला.

"ताई, दादा कचेरीत गेले होते."

"कुठल्या कचेरीत?"

"एका आजींचा फोटो परत आला होता, मागचा रंग मळका दिसतो म्हणून. सकाळी नवा काढला. आजींना कशाला हेलपाटा, मीच देऊन येतो म्हणाले." मागे खूप आवाज होते. "मी फाटकाशी उभी आहे कधीची. आत सोडत नाहीत. फोन उचलत नाहीत ते."

"माझाही उचलत नाहीत," मी म्हणाले.

एवढंच बोलले. मला आठवतं, मी ड्रॉवर बंद केला, किल्ली फिरवली आणि मग जिना उतरले. किल्ली कशासाठी फिरवली कोण जाणे.

डॉक्टर म्हणाले, जागच्या जागी. अकरा वीसला. पहिला फोन मी बारा चाळीसला लावला होता. त्यांचा मोबाइल पोलिसांनी मला एका पारदर्शक पिशवीत घालून दिला. काचेला साधा तडाही नव्हता. पडद्यावर माझे पाच कॉल एकाखाली एक होते.

आई त्या दिवशी तिच्या बहिणीकडे परगावी होती. ती दुसऱ्या सकाळी पोचली तेव्हा सगळीकडे तो फोटो होता. स्टेशनवरच्या टीव्हीवर, टॅक्सीवाल्याच्या मोबाइलवर, आमच्या दाराशी पडलेल्या वर्तमानपत्रात. त्या वर्तमानपत्रात चौथ्या पानावर बाबाही होते, चौदा जणांच्या रांगेत, स्टॅम्पएवढे. दुसऱ्यांचे फोटो काढणाऱ्या माणसाचे स्वतःचे फोटो नसतात. होता तो एकच, लायसन्ससाठी मावशीने काढलेला. श्वास सोडा म्हणायला ती विसरली होती. त्यात बाबा कुणीतरी मागून हाक मारल्यासारखे दचकलेले दिसतात.

संध्याकाळी टीव्हीवर एक तज्ज्ञ त्या पहिल्या पानावरच्या फोटोबद्दल वीस मिनिटं बोलला. "हे डोळे बघा. पश्चात्ताप तर सोडाच, भीतीसुद्धा नाही. एक प्रकारची शांतता आहे. हा माणूस कितीतरी आधीच ठरवून बसलेला होता." मी समोर बसून ऐकत होते. ती शांतता माझ्या बाबांची होती. त्यांनी ती कुणालाही दिली असती. लायसन्सला आलेल्या सुताराला, पेन्शनीच्या आजोबांना, सगळ्यांना सारखीच. पुढे दोन महिन्यांनी बसस्टँडमागच्या भिंतीवर कुणीतरी तो चेहरा काळ्या रंगात काढला. हुबेहूब. खाली त्याचं नाव, मोठ्या अक्षरांत. ते मी इथे लिहीत नाही. चौदा जणांपैकी एकाचंही नाव त्या शहरात कुठल्या भिंतीवर नव्हतं.

आईने फोटो पाहिला त्याच दिवशी ओळखला. चेहरा नव्हे, मागचा पडदा.

"हा आपला पडदा आहे," ती म्हणाली. "हा कोपरा बघ. मीच धुताना जास्त पावडर टाकली होती. उडालाय बघ रंग." मग वर्तमानपत्राची घडी घालत म्हणाली, "ह्यांनी कधी दिला नसता."

पाचव्या दिवशी ती स्टुडिओत गेली. मी बरोबर होते. मावशी फरशी पुसत होती. त्या पाच दिवसांत एकही गिऱ्हाईक आलं नव्हतं, तरी ती रोज उघडून, पुसून, बंद करून जात होती.

"मावशी, पेपरला फोटो तू दिलास?"

मावशीने फडकं बादलीत पिळलं. वर पाहिलं. आधी आईकडे, मग माझ्याकडे. एकदाच.

"नाही, वहिनी."

"मग कुणी दिला? कॉम्प्युटर उघडणारी माणसं दोन. एक गेलं."

"मी दिला नाही."

"मग कुणी? भुताने?"

"ते मला विचारू नका."

"का नको विचारू? चौदा वर्षं या घरचं अन्न खाल्लंस. हे तिकडे पडलेले असताना तुला पेपरवाल्यांचे फोन घ्यायला सुचलं?"

मी दाराशी उभी होते. मला दिसत होतं की आता मी बोलायला हवं. तोंड उघडलं असतं तर दोन शब्द होते. मी ते शब्द पाहत उभी राहिले, रस्त्यापलीकडचं काही पाहावं तसे.

आईने किल्ल्या मागितल्या. मावशीने कमरेच्या जुडग्यातून त्या एकेक सोडवून काउंटरवर ठेवल्या. पायऱ्या उतरताना माझ्यापाशी थांबली. मला वाटलं, आता बोलेल. बोलायचा हक्क होता तिला.

"ताई, शनिवारची डिस्क आता तुम्हालाच काढावी लागेल," ती हळूच म्हणाली. "विसरू नका. दादांचं सगळं त्यात आहे."

आवाजात टोमणा नव्हता. तो असता तर मी कदाचित उत्तर दिलं असतं.

त्यानंतर अकरा महिने मी ऑफिसला जात राहिले. माणूस जातो. आई भेटेल त्याला सांगत राहिली की आमच्याच बाईने दगा दिला. मावशीला दुसऱ्या एका स्टुडिओने ठेवलं आणि पंधरा दिवसांत काढलं. कानावर गेलं असणार. मी दोनदा तिच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत आले.

मग गेल्या गुरुवारची बैठक झाली.

गेलेल्यांच्या घरच्यांनी वृत्तसंपादकांची वेळ घेतली होती. पहिला स्मृतिदिन जवळ आला होता, विशेष अंक निघणार होता. आठ-नऊ जण आले. पुढे होत्या बाई. निम्म्या शहराला त्यांनी गणित शिकवलंय, म्हणून सगळे त्यांना बाईच म्हणतात. त्यांची एकोणीस वर्षांची नात त्या दिवशी पहिलं लायसन्स काढायला गेली होती. आईही होती. मी उठून त्यांच्या बाजूच्या खुर्चीवर बसले. वृत्तसंपादकांनी ते पाहिलं.

"आमचं म्हणणं थोडक्यात आहे," बाई म्हणाल्या. "अंकात त्याचा फोटो नको. नाव नको. यापुढेही कधी नको. हल्लेखोर म्हणा, पुरे झालं."

"बाई, तुमचं दुःख मला..."

"दुःखाचं राहू द्या. ते आमचं आम्ही बघू. मुद्द्यावर या."

"बरं. मुद्दा हा की नाव दडवलं की अफवांना मोकळं रान मिळतं. त्या इलेक्ट्रिशियनचं काय झालं आठवतंय ना? चोर सोडून संन्याशाला सुळी. आम्ही खरा फोटो छापला म्हणून तो आज जिवंत आहे."

"मान्य," बाई म्हणाल्या. "त्या दिवशी गरज होती. पैकीच्या पैकी मार्क. आता सांगा, या महिन्यात छापून कुणाचा जबडा वाचणार आहे?"

वृत्तसंपादक म्हणाले, "आम्ही नाही छापला तरी बाकीचे छापतील."

"शेजारी कचरा टाकतो म्हणून आपणही दारात टाकायचा? वर्गात पोरं असंच सांगायची मला. सगळ्यांनी कॉपी केली, बाई."

कुणीतरी हसलं. हसून ओशाळलं. तेवढ्यात आई बोलली.

"मला एकच विचारायचंय. तो फोटो आमच्या स्टुडिओतला आहे. माझ्या नवऱ्याने काढलेला. त्यांचा जीव गेला त्याच दिवशी, त्यांच्याच हातचा फोटो, त्यांना मारणाऱ्याचा. तो तुम्हाला आमच्या कामवालीने दिला ना? एकदा तुमच्या तोंडून ऐकू द्या."

वृत्तसंपादकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. समोरच्या पेनचं टोपण काढलं आणि लावलं.

"माहिती कुणी दिली, त्यांची नावं आम्ही सांगत नाही. तो आमचा नियम आहे. नाव बाहेर गेलं की त्या माणसाला जगणं मुश्कील होतं."

"म्हणजे नाव झाकता येतं तुम्हाला," बाई सावकाश म्हणाल्या. "मनात आणलं की येतं."

वृत्तसंपादकांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"म्हणजे तिनेच," आई म्हणाली. "नाही म्हणाले का ते? नाही म्हणाले नाहीत."

मागच्या खुर्चीवरचा माणूस पुढे सरकला. त्याची बायको त्या दिवशी खिडकी क्रमांक तीनवर उभी होती. वर्षभरात तो कुणाशी फारसा बोलला नव्हता.

"कोण आहे ही बाई?" त्याने खिशातून मोबाइल काढला. "नाव सांगा, वहिनी. पूर्ण नाव. फोटो आहे तिचा? टाकतो सगळीकडे. कळू दे शहराला."

"कुठे राहते?" आणखी कुणीतरी विचारलं.

बाई म्हणाल्या, "अहो, थांबा जरा." पण त्याचा अंगठा मोबाइलवर तयार होता, आणि आईने, माझ्या आईने, जिने आयुष्यात कुणाच्या अंगणात शिळं पाणी फेकलं नाही, तिने नाव सांगायला तोंड उघडलं. पहिलं अक्षर मी ऐकलं.

"आई, थांब," मी म्हणाले. मी उभी राहिले होते. "फोटो मी दिला. मावशीने नाही, मी. डिस्क माझ्या ड्रॉवरमध्ये होती. मावशीला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, तिने तुला सांगितलं नाही. ती त्या वेळी मला फोन करत होती, बाबा कचेरीत गेलेत हे सांगायला, आणि मी तिचा फोन दोनदा कापला. बाबांनाही मी पाच फोन केले. ते उचलत नव्हते. मला वाटलं, मुद्दाम उचलत नाहीत. ते तिथे पडले होते, आई, आणि मी त्यांच्यावर चिडले होते."